कारभाऱ्याची वही: पैसा, दशांश आणि देवावरचा भरवसा

मराठी बायबलमध्ये पैशाचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो: कारभारी. पुण्याच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पेशव्यांच्या वेळी कारभारी वसुली पाहायचा, फौजेचा पगार काढायचा, खर्चाला मंजुरी द्यायचा. अधिकार मोठा, पण तिजोरी त्याची नव्हती, आणि धनी मागेल त्या दिवशी कागद पुढे ठेवावे लागायचे. लूकच्या सोळाव्या अध्यायात येशू असाच प्रसंग सांगतो. धनी कारभाऱ्याला बोलावतो आणि म्हणतो, हिशेब दे.

ख्रिस्ती माणसाने पैशाकडे कसं पाहावं, याचं बरंचसं उत्तर या नात्यात आहे. चोविसावं स्तोत्र म्हणतं, पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं. मग पगार, फ्लॅट, गावाकडची जमीन, लॉकरमधलं सोनं, यांवर आपला फक्त ताबा उरतो. दुसऱ्याची ठेव छातीशी कवटाळून बसता येत नाही आणि ती उधळताही येत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, "सगळं प्रभूवर सोडलंय" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांतल्या काहींनी खरं तर फक्त हिशेब सोडलेला असतो. देवावर भरवसा असेल तर वही कशाला, हा समज या विषयात सगळ्यांत जास्त नुकसान करतो. धनी दुसरा आहे, म्हणूनच वही लागते.

चिंता आणि तजवीज

डोंगरावरच्या प्रवचनातले शब्द सगळ्यांना पाठ असतात: आकाशातल्या पाखरांकडे पाहा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत; उद्याची चिंता करू नका (मत्तय ६). मग प्रश्न येतो, एसआयपी कशाला? विमा कशाला? पोरांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकणं म्हणजे अविश्वास नाही का?

पाखरू पेरत नाही हे खरं, पण ते घरट्यात चोच उघडून बसतही नाही. पहाटेपासून ते दाणे शोधत फिरतं. येशूने मनाई केली आहे ती चिंतेला, म्हणजे मन दोन्हीकडे ओढलं जाऊन फाटण्याला. तजवीज ही निराळी गोष्ट. नीतिसूत्रे आळशाला मुंगीकडे पाठवतं, कारण ती उन्हाळ्यात अन्न साठवते. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसरच्या पिकाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, कोठारात भरायला लावला, आणि तो देवाने दिलेल्या इशाऱ्यावरूनच. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे तर येशूचंच उदाहरण (लूक १४). पाया घालून काम अडलेल्या माणसाला लोक हसतात, असं तो म्हणतो. अर्धवट राहिलेल्या इमारतींचे सांगाडे पाहिलेल्या पुणेकराला या दाखल्याचं भाष्य नको.

तजवीज कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, हे मान्न्याच्या गोष्टीइतकं नेमकं दुसरीकडे क्वचितच सापडेल (निर्गम १६). अरण्यात इस्राएली लोकांसाठी रोज सकाळी मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडायचा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, एवढाच गोळा करायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायला सांगितलं होतं, आणि त्या दिवशीचा साठा नासला नाही. साठवण्याची क्रिया दोन्ही वेळा तीच होती. एकदा साठा देवाच्या सांगण्यावरून होता, आणि एकदा उद्या देव देईल की नाही या धास्तीने.

लूक १२ मधल्या श्रीमंताची चूकही कोठार बांधण्यात नाही. त्याचं बोलणं पुन्हा वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. शेतात राबलेले मजूर त्या बोलण्यात नाहीत, शेजारी नाही, देव नाही. त्या रात्री त्याचा जीव मागितला जातो आणि प्रश्न उरतो, हे आता कोणाचं?

म्हणून विम्याबद्दल आमचं मत सरळ आहे. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, इतक्या कडक शब्दांत प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलं आहे. ज्याच्या पगारावर चार माणसं जेवतात त्याने आरोग्यविमा आणि साधा मुदतीचा विमा घेतला, तर त्यात देवाचा अपमान नाही. विमा घेऊनही रात्री झोप येत नसेल, तर प्रश्न हप्त्याचा नाही.

धन हा धनी होऊ पाहतो

"तुम्हांला देवाची आणि धनाची सेवा करता येत नाही." मूळ ग्रीक मजकुरात इथे 'मामोन' हा अरामी शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. अनेक अभ्यासक या शब्दाचं मूळ 'आमेन' ज्या धातूतून येतो त्याच धातूत शोधतात: विसंबणं, पक्कं धरणं. ज्यावर माणूस भार टाकून बसतो तो मामोन. येशूने चांदीच्या नाण्याला वाईट म्हटलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या शिष्यांची पैशाची थैली होतीच. पैसा नोकर असताना फार कामाचा. तो आमेनची जागा मागू लागला की मग गडबड होते.

पौलाच्या वचनाचंही असंच झालं आहे. "पैसा हे सगळ्या पापांचं मूळ" असं सर्रास म्हटलं जातं, पण वचनात पैसा नाही, द्रव्याचा लोभ आहे (१ तीमथ्य ६:१०). हा फरक गरिबाच्याही कामाचा, कारण लोभाला पैसे लागत नाहीत. त्याच अध्यायात पुढे श्रीमंतांना सूचना आहेत: अहंकार करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, चांगलं करा, वाटून द्या. श्रीमंती टाका असं तिथे म्हटलेलं नाही. तरुण श्रीमंताला मात्र सगळं विकायला सांगितलं. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत केलं, तेवढ्यावर येशू त्याच्या घरी तारण आलं म्हणाला. प्रत्येकाची गाठ वेगळ्या ठिकाणी बसलेली असते.

दशांशाचा हिशेब

दशांश म्हणजे दहावा हिस्सा. जुन्या करारात तो पगारावर नव्हता. तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरंढोरं यांवर होता, कारण उत्पन्न त्याच रूपात यायचं. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. मंदिराची सेवा करणाऱ्या त्या लोकांचं पोट या दशांशावर चालायचं, आणि त्यांनाही मिळालेल्यातला दहावा हिस्सा पुढे द्यावा लागायचा (गणना १८). अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आणखी आहे: सणाच्या वेळी कुटुंबाने मिळून खायचा दशांश, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा दशांश. हे वेगवेगळे धरले तर वर्षाची सरासरी २० टक्क्यांच्या वर जाते. आमच्या मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाला भोपळा, कोंबडी, अंडी आणून उपासनेनंतर लिलाव होतो आणि एका डझन अंड्यांना भलतीच किंमत येते, ती हौस त्याच जुन्या रूपाच्या जवळची.

नव्या करारात मंडळीसाठी टक्केवारी सांगितलेली नाही. पौल करिंथकरांना सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढावं (१ करिंथ १६:२); जबरीने नाही, आनंदाने द्यावं (२ करिंथ ९:७); आणि माणसापाशी जे आहे त्याच्या मानाने दान मान्य होतं, जे नाही त्याच्या मानाने नाही (२ करिंथ ८:१२). कॅथलिक मंडळीत चर्चच्या गरजांना ऐपतीप्रमाणे हातभार लावणं हे कर्तव्य आहे, ठरलेला दहावा हिस्सा नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बरेच पाळक दशांश शिकवतात. दहा टक्के ही चांगली सवय आहे. ते प्रवेशशुल्क मात्र नाही. आणि ज्याचा महिन्याचा पगार तीन लाख आहे त्याने दहा टक्क्यांवर थांबून समाधान मानावं, असंही वचनात कुठे नाही.

आता वही उघडू. समजा हातात येणारा पगार ४०,००० रुपये, दापोडी किंवा वडगाव शेरीत भाड्याचं घर, दोन मुलं. पगार आला त्याच दिवशी ४,००० अर्पणासाठी आणि ४,००० अडीअडचणीच्या खात्यात. उरले ३२,०००. भाडं १२,०००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस ९,०००, शाळा ४,०००, पेट्रोल आणि बस २,५००, वीज आणि फोन १,५००, आईवडिलांचं औषधपाणी २,०००. शिल्लक १,०००. अडीअडचणीच्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे ९६,००० रुपये, जमायला चोवीस महिने लागतील. फार वाटतात, पण हा आकडा कागदावर असल्याखेरीज तो कधीच जमत नाही.

क्रम महत्त्वाचा. "महिनाअखेरी उरेल ते देऊ" असं म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. त्याची नियत वाईट नसते. खर्चाला जागा दिसली की तो पसरतो. पौलाने "पहिल्या दिवशी, बाजूला काढून" असं लिहिलं त्यामागे हाच व्यवहार आहे. दशांश कपातीआधीच्या पगारावर की हातात येणाऱ्या रकमेवर, यावर वाद घालण्यात लोक बरीच शक्ती घालवतात. एक पद्धत ठरवा आणि वर्षभर पाळा. पीएफची कापलेली रक्कम आज मोजली नसेल, तर ती हातात येईल त्या वर्षी मोजा, एवढं पुरे.

ओढ कुठे बसते तेही सांगायला हवं. पगारातून हप्ते जाऊन काहीच उरत नसेल, किराणावाल्याची तीन महिन्यांची उधारी असेल, तर दहा टक्के देण्याचा हट्ट धरू नये. उधारीचा पैसा किराणावाल्याचा आहे, आणि दुसऱ्याचा पैसा अर्पण करता येत नाही. मार्क ७ मध्ये येशू 'कुर्बान'च्या चालीवर बोट ठेवतो: आईवडिलांना द्यायचं ते "देवाला वाहिलं" म्हणून मोकळं व्हायचं. त्याला तो देवाची आज्ञा मोडणं म्हणतो. अशा घराने दोन टक्क्यांनी सुरुवात करावी, उधारी फेडावी, मग वाढवत जावं. काही पाळकांना हे पटणार नाही. त्यांनी मार्क ७ पुन्हा वाचावा.

आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं लेवीय १९:१३ सांगतं. याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. मावशींचे पैसे दहा तारखेवर ढकलून पहिल्या रविवारी पाकीट टाकणं, हा वहीतला उघड घोटाळा.

ऋण

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी माणूस 'रोजची भाकर' मागतो आणि लगेच 'ऋण' सोडण्याची विनंती करतो. अर्थ पापाचा आहे, पण शब्द सावकाराच्या दारातला. कर्ज काढणं हे पाप आहे असं बायबल सरसकट म्हणत नाही. घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असं ते बजावतं (नीतिसूत्रे २२:७), आणि घेऊन न फेडणाऱ्याला दुष्ट म्हणतं (स्तोत्र ३७:२१). गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नको, हा मोशेच्या नियमशास्त्रातला आदेश अडलेल्याला पिळण्याविरुद्ध होता. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने धंद्यासाठीचं कर्ज आणि पोटासाठीचं कर्ज यांत फरक केला आणि पहिल्यावर मर्यादित व्याज रास्त ठरवलं. आजही हा फरक कामाचा आहे: रिक्षा घेण्यासाठी काढलेलं कर्ज रोज कमावतं, लग्नाच्या मांडवासाठी काढलेलं कर्ज मांडव उतरवल्यावरही जेवत राहतं.

दासपण आकड्यांत पाहा. क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले, व्याज महिना साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, मिळून २,०६५ रुपये. बिलावर 'किमान देय' ५ टक्के धरलं तर २,५००. ते भरून तुम्ही सुटलो म्हणता, पण मुद्दलातून गेले फक्त ४३५ रुपये. अशा वेळी अडीअडचणीच्या खात्यातली रक्कम काढून कार्ड आधी फेडा. बचत खात्यावरच्या तुटपुंज्या व्याजासाठी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर मोजण्यात कसलीच काटकसर नाही.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे जितक्या कळकळीने बोलतं तितकं क्वचितच कशाबद्दल बोलतं: हरिणासारखा जाळ्यातून सुटून जा, झोपू नको (६:१–५). आणि दुसऱ्या ठिकाणी: तुझ्याजवळ फेडायला नसेल तर तुझ्या अंगाखालची गादी ओढून नेतील (२२:२७). पतसंस्थेच्या कर्जाला "नुसती सही हवी" म्हणून मंडळीतला भाऊ येतो तेव्हा हे आठवावं. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडे आधी पूर्ण वसुली करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. थकलं की तुमच्या सिबिल नोंदीवरही, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरही, डाग. आमचा सल्ला: जेवढी रक्कम बुडाली तरी भावाशी बोलणं तुटणार नाही, तेवढी सरळ हातात द्या. सही करू नका.

सोडून देण्याचीही रीत असते. अनुवाद १५ मध्ये दर सातव्या वर्षी ऋण माफ करायला सांगितलं आहे. पुण्याच्या शेजारी देहूत सांगतात की तुकोबांनी सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, पण आधी वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा हिस्सा त्याला दिला आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या हिश्श्यावर उदार व्हायचं नाही, हे भान कारभाऱ्याचं. आमच्या परंपरेत रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे आणि चूल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पेटवावी लागे, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या दातृत्वाचं कौतुक करताना चुलीपाशी कोण होतं ते विसरू नये. नवराबायकोने वही एकत्र लिहावी. एकाने परस्पर दिलेलं दान बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पोटातून जातं.

थैली कोण मोजतं

दान घेणाऱ्यालाही हिशेब आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने सोबत इतर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली आणि कारण स्वच्छ लिहिलं: एवढी मोठी रक्कम आपण हाताळतो आहोत, कोणी दोष लावू नये, देवापुढेच नाही तर माणसांपुढेही सरळ असावं (२ करिंथ ८:२०–२१). प्रेषिताला साक्षीदार लागले, तर आपल्याला लागतीलच.

मंडळीत पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. उपासनेनंतर अर्पण किमान दोन माणसांनी मोजावं, एकाच घरातल्या दोघांनी नाही. रक्कम त्याच वेळी नोंदवहीत, दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव मंडळीचं यायला हवं. एखाद्या व्यक्तीचं आलं तर विचारा. विचारणं म्हणजे पाळकांवर अविश्वास दाखवणं नाही, उलट संशयापासून त्यांचं ते संरक्षण आहे. महाराष्ट्रात मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातात; वार्षिक सभेत ताळेबंद मागणं हा सभासदाचा साधा हक्क आहे.

कराचा गैरसमजही इथेच मिटवू. ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीवर सहसा मिळत नाही, म्हणून मंडळीला दिलेल्या दशांशाची पावती करासाठी बहुधा उपयोगाची नसते. सर्वांसाठी काम करणाऱ्या मान्यताप्राप्त रुग्णालयाला किंवा अनाथाश्रमाला दिलेल्या देणगीवर ती मिळू शकते, पण २,००० रुपयांवरची देणगी रोखीत दिली तर नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच.

पेराल तर शंभरपट?

अलीकडे मोबाइलवर एक शिकवण जोरात आहे: अमुक रक्कम 'बीज' म्हणून पेरा, देव शंभरपट परत करील. वचनं तीच तीच असतात. मलाखी ३:१० चं कोठार हे यरुशलेमच्या मंदिराचं धान्यकोठार. दशांश न आल्याने लेवी सेवा सोडून शेतावर परतल्याचं नहेम्या १३ मध्ये वाचायला मिळतं, ती ही परिस्थिती. लूक ६:३८ मधलं 'दाबून, हालवून, शीग भरून' हे माप क्षमा आणि न्याय करण्याच्या चर्चेत आलं आहे. ३ योहान २ मधली भरभराटीची इच्छा म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं 'क्षेमकुशल' आहे. आपण 'सर्व कुशल असावे' लिहितो त्यावरून कोणी कर्ज काढत नाही.

या शिकवणीत जी चूक आहे ती नात्याची. तिच्यात देव गुंतवणूक योजना होतो आणि आपण पुन्हा मालक. परतावा आला नाही की दोष देणाऱ्याच्या विश्वासात काढतात, त्यामुळे ती कधी खोटी ठरतच नाही. आणि पैसे जातात ते बहुतेक वेळा घरात आजारपण असलेल्यांचे, कारण आशा त्यांनाच सगळ्यांत जास्त हवी असते. पौल उपाशी राहिला, कैदेत गेला आणि तिथूनच फिलिप्पैकरांना लिहिलं की विपुलतेत आणि टंचाईत राहायला मी शिकलो आहे. त्याला कोणी 'विश्वास कमी पडला' म्हणालं नाही.

"रातोरात दुप्पट"वाल्या योजना मंडळीतल्या ओळखीने पसरतात, तेही लक्षात ठेवा. "आपलेच लोक आहेत" हे तारण नाही. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून दर ठेवीदारामागे, दर बँकेला, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांचं विमासंरक्षण आहे. सहकारी बँकांवर निर्बंध आल्याचे दिवस पुण्याने पाहिले आहेत, तेव्हा त्याहून मोठी रक्कम एकाच बँकेत ठेवू नये. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही.

खरा भरवसा कसा दिसतो

केडगाव पुण्याहून दौंडच्या लोहमार्गावर आहे. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला संघटना स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली. ती मुदत १८९८ ला भरत आली, आणि नेमक्या त्याच काळात १८९६–९७ च्या दुष्काळामुळे शेकडो मुली आणि बायका आश्रयाला येत होत्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राने रमाबाईंवर ठसा उमटवला होता: अनाथालय चालवायचं, माणसांकडे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचं. याच काळात केडगावला त्यांचं आश्रयस्थान 'मुक्ती' उभं राहिलं.

भरवसा म्हणजे हात जोडून बसणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथे काय झालं ते पाहावं. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम सुरू झालं, छापखाना चालवला. म्युलरही तसेच. ते वर्गणी मागत नव्हते, कर्ज काढत नव्हते, पण आलेल्या रकमांचा तपशीलवार हिशेब दरवर्षी छापून प्रसिद्ध करायचे. न मागणारा माणूस इतकी बारीक वही ठेवतो, हे विचित्र वाटतं ते आपण वही आणि विश्वास वेगळ्या कप्प्यांत ठेवतो म्हणून.

शेवटचा हिशेब: मृत्युपत्र

लूक १२ मधल्या त्या श्रीमंताचा दाखला निघाला कशावरून? गर्दीतला एक जण म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशूने न्यायाधीश व्हायला नकार दिला. पुण्याच्या जमिनीच्या भावात हा नकार बऱ्याच घरांत ऐकायला हवा, आणि त्याआधी मृत्युपत्र लिहायला हवं.

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि पत्नी व मुलं असतील, तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. मुलं नसतील पण इतर नातेवाईक असतील, तर पत्नीला निम्मं. पतीलाही हेच नियम. बऱ्याच बायकांना घर आपोआप पूर्ण आपलं होईल असं वाटत असतं, तसं होत नाही.

मृत्युपत्राला साधा कागद चालतो. सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी ऐच्छिक, पण करावी. ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती मृत्युपत्रात साक्षीदाराला ठेवलेली देणगी कलम ६७ प्रमाणे रद्द होते, बाकीचं मृत्युपत्र टिकतं. पाळकांची साक्ष घ्यायची आणि त्यांच्याच नावे काही ठेवायचं, ही गल्लत हमखास होते. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर रद्द होतं, ते नव्याने करा.

मंडळीला किंवा अनाथाश्रमाला काही ठेवायचं असेल तर आता मोकळीक आहे. पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कारणासाठी मालमत्ता ठेवायची तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करावं लागायचं आणि ते सहा महिन्यांत जमा करावं लागायचं. ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. मोकळीक आहे म्हणून पत्नीचं राहतं घर मंडळीच्या नावे करू नये. कुर्बानचा तोच प्रश्न पुन्हा येतो.

आणि नामनिर्देशन तपासा. बँकेच्या फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याला पैसे मिळतात, पण तो त्यांचा मालक होत नाही. वारसांच्या वतीने तो ते सांभाळतो आणि त्यांना हिशेब देणं लागतो. कित्येक खात्यांवर अजून लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव असतं. शाखेत जाऊन, पासबुक नेऊन, ते एका फॉर्मवर बदलता येतं.